पीसीपीसाठी तीन हजारात बायपॉड: आधी फूटपट्टी काढ, मग पैसे

तू विचारलंयस की ऐरोलीला राहतोस, .१७७ ची (साडेचार मिलिमीटर छर्‍याची) नवीन पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल, घेतलीय, मुरबाडला मामांच्या जागेवर टेबल टाकून २५ ते ४० मीटरवर कागदावर मारायचंय, बजेट तीन हजार, आणि ऑनलाइन आठशेपासून वीस हजारापर्यंत बायपॉड (रायफलच्या पुढे खाली लावायचा दोन पायांचा स्टँड) दिसतायत तर नक्की कुठला घ्यायचा. दुकानदार म्हणाला सगळे सारखेच. सारखे नसतात रे. मी ठाण्यात बारा वर्षं एअर रायफल चालवतोय, आत्तापर्यंत चार बायपॉड घेतले आणि त्यातले दोन माळ्यावर पडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी पीसीपी आहे हे फार बरं झालं. स्प्रिंगवाली ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी वाकवून स्प्रिंग दाबायची, असती तर मी सरळ सांगितलं असतं की बायपॉड घेऊच नको. स्प्रिंग रायफलमध्ये चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते, मग पिस्टन हवेच्या गादीवर आदळतो आणि रायफल पुढे ढकलली जाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत चालू असतं. म्हणजे तिला दर वेळी सारखंच सरकू द्यायला लागतं, उघड्या तळव्यावर अलगद ठेवून. बायपॉड लावला, टेबलावर पाय टेकवले की ती उड्या मारते, आणि टेबल लाकडी की सिमेंटचं यावर सुद्धा छर्रा वेगळीकडे जातो. माझा पहिला बायपॉड असाच गेला, दोन महिने मी स्कोपला शिव्या घालत होतो आणि स्कोपचा काही दोष नव्हता. पीसीपीला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे बायपॉडचा खरा फायदा तिलाच.

आणि अजून एक, पुढे जाऊन स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर हे पैसे वाचव. १० मीटर एअर रायफल उभं राहून मारतात, बायपॉड चालतच नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉन्झ आणलं, त्यात झोपून मारायची फेरी असते पण ती सुद्धा दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर, म्हणजे स्लिंगवर, बायपॉडवर नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाल्या त्या पण स्लिंगवरच. तेव्हा स्पर्धा करायची तर रेंजची फी आणि कोच यावर खर्च कर. पण तू टेबलवर बसून कागदावर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्‍यांचे पुंजके, काढायचे म्हणतोयस, तर पुढे वाच.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते जोडणीत. बायपॉड किती भारी आहे ते नंतर, तो रायफलला कुठे आणि कसा लागणार ते आधी. स्टॉकच्या (रायफलच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या बॉडीच्या) पुढच्या भागाला खाली बघ, स्लिंग अडकवायचा भोकवाला छोटा स्टड आहे का, का पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) आहे, का एम-लॉकच्या लांबट खाचा आहेत. हॅरिस पद्धतीच्या बायपॉडला दोन आकडे असतात ते त्या स्टडच्या भोकात जातात आणि खालचा स्क्रू फिरवला की स्टड खाली खेचला जाऊन रबराची गादी स्टॉकवर दाबून बसते. म्हणजे सगळा भार त्या एका स्टडवर. माझ्या एका रायफलला लाकडी स्टॉक होता आणि स्टड लाकडात पिळून बसणाऱ्या साध्या स्क्रूवर बसवलेला, तिसऱ्या रविवारी बायपॉडसकट उपटून हातात आला, स्टॉकला चीर पडली ती आजही आहे. नंतर वागळे इस्टेटला एका लेथवाल्याकडे जाऊन मशीन स्क्रूवाला स्टड आणि आतून बसणारं नट-वायसर करून घेतलं, तेव्हापासून सहा वर्षं हललेला नाही. तुमच्याकडे रबाळे-महापेला पण असे छोटे वर्कशॉप भरपूर आहेत, रेलचा तुकडा बसवायचा असेल तरी तिथे होऊन जाईल.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, सिलिंडरला ड्रिल. २०० बार दाबाची हवा असते आत, तिथे भोक काय ओरखडा सुद्धा पाडायचा नाही. सिलिंडरवर क्लॅम्प लावून त्याला बायपॉड असं पण मिळतं, ते मला आवडत नाही, घट्ट आवळलं तर जीव धाकधूक करतो आणि सैल ठेवलं तर फिरतं. नळीवर चिमट्यासारखे बसणारे दोन-तीनशे रुपयांचे बायपॉड असतात ते तर बघू पण नको. नळीवर भार आला की झिरो, म्हणजे स्कोपचा लावून ठेवलेला नेम, बदलतो, बायपॉडवर एकीकडे आणि हातात धरून दुसरीकडे अशी गत होते.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं. पाय उघड, लॉक कर, मग एका हातात वरचा माउंट धरून दुसऱ्या हाताने पाय पिळून बघ. थोडा स्प्रिंगसारखा ताण जाणवला तर चालेल, पण टकटक आवाज येऊन सांधा मोकळा हलत असेल तर तो ठेवून दे, कितीही स्वस्त असला तरी. मग पाय पूर्ण लांब करून टेबलावर जोरात दाब, एखादा पाय खाली सरकतो का बघ. ज्यांच्या पायाला खाचा असतात त्यात पाय ठरलेल्या जागी अडकतो आणि दोन्ही पाय सारखे लांब होतात, नुसत्या स्क्रूवर आवळायचे असतात ते कालांतराने सरकतात हा माझा अनुभव. माझा दुसरा बायपॉड अठराशेचा होता, दिसायला एकदम झकास, पाय सगळीकडे वळणारे, पण लॉक आतून प्लास्टिकचं. २५ मीटरवर वाळूच्या पिशवीवर माझे पाच छर्रे साधारण १२ मिलिमीटरमध्ये जायचे, त्याच दिवशी तेच छर्रे त्या बायपॉडवर ३० मिलिमीटरमध्ये. पैसे देऊन मी रायफल बिघडवून घेतली होती. म्हणून सांगतो, तीन हजारात जेवढ्या करामती जास्त तेवढे सांधे जास्त आणि तेवढं खिळखिळं जास्त. डावी-उजवीकडे फिरणारा पॅन तुला नकोच आहे, कागद काय पळून जात नाही.

कलणारा मात्र घे, म्हणजे ज्यात रायफल थोडी डावी-उजवी तिरकी करून सरळ करता येते. मुरबाडला टेबल काय लेव्हलला नसणार. १० मीटरवर रायफल पाच अंश कललेली असली तरी छर्रा मिलिमीटरभर सुद्धा हलत नाही, पण ४० मीटरला छर्रा वाटेत साधारण १५-१६ सेंटीमीटर खाली येतो, आणि तेवढ्याच पाच अंशांना तो सव्वा-दीड सेंटीमीटर बाजूला जातो. माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. फक्त कलणाऱ्या बायपॉडला तो सांधा आवळायची सोय पाहिजे. हॅरिसच्या नकलांमध्ये खाली गोल नट असतं ते बोटांनी नीट आवळत नाही, त्याजागी छोटा लिव्हर बसवून मिळाला तर बसव.

उंचीचं सगळे अंदाजाने घेतात आणि चुकतात. घरी जेवणाच्या टेबलावर रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून पुढे पुस्तकं रचून ठेव, मान न वाकवता स्कोप दिसेल अशा उंचीला आण, आणि स्टडपासून टेबलापर्यंत माप घे. बहुतेक सहा ते नऊ इंचातच येईल. नऊ ते तेरा इंचवाला घेतला तर टेबलावर तो उंच होतो, आणि पाय जितके लांब तितकी रायफल डुलते. लांब मॅगझिन खाली येत असेल किंवा उतारावरून मारायचं असेल तर तो ठीक.

कंपन्यांचं थोडक्यात सांगतो. हॅरिस ही अमेरिकेतल्या केंटकीची, जुनं डिझाइन आणि अजून सगळे त्याचीच नक्कल करतात, त्यांच्या मॉडेलच्या अक्षरातच सगळं कळतं, एस म्हणजे कलणारा, बीआर म्हणजे ६ ते ९ इंच, एम म्हणजे पायाला खाचा. मॅगपुलचा २०१९ ला आला, पॉलिमर आणि अ‍ॅल्युमिनियमचा, हलका, ६.३ ते १०.३ इंच, अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढतो, तिकडे ११० डॉलरच्या आसपास किंमत होती आणि त्या पैशात मला तो सगळ्यात चांगला वाटतो, पण शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरली की तुझ्या बजेटच्या बाहेर. अ‍ॅटलस भारीच आहे, पण २० ज्यूलच्या (ज्यूल म्हणजे छर्‍याच्या ताकदीचं माप) आतल्या रायफलला त्याची गरज नाही. तुझ्या तीन हजारात बसणार म्हणजे हॅरिस पद्धतीची नक्कल, ६ ते ९ इंच, खाचावाले पाय, कलणारी, बॉडी धातूची. नकलेला मी नावं ठेवत नाही, माझा सध्याचा तोच आहे, दोन हजार चारशेचा. पण ऑनलाइन नको, दुकानात चार काढायला लाव आणि चारातला घट्ट निवड, एकाच डब्यातल्या दोन पीसमध्ये सुद्धा जमीन-अस्मानाचा फरक असतो. मॅगपुलच्या नकला पण दिसतील, त्यातलं प्लास्टिक मऊ असतं, त्या नको.

आणि ज्याच्यावर कोणी पैसे घालत नाही पण जे बायपॉडपेक्षा महत्त्वाचं आहे ते म्हणजे मागची पिशवी. तिवईला तीन पाय लागतात ना, बायपॉड दोनच देतो, तिसरा पाय म्हणजे स्टॉकच्या मागे खाली ठेवलेली पिशवी. ती नसेल तर मागची बाजू तुझ्या खांद्यावर आणि श्वासावर वर-खाली होत राहणार. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्हीकडून शिवून घे. आत तांदूळ भरू नको, मी भरले होते, जुलैमध्ये ओल धरली आणि टोके झाले. वाळू चालते पण जड आणि शिवणीतून गळते. प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांकडे दाणे मिळतात ते सगळ्यात छान, किलोभर पुरतात. डाव्या हाताने पिशवी दाबली की क्रॉसहेअर वर-खाली होतो, सोडली की थांबतो, तेवढ्यावर नेम धरायचा. टेबल सिमेंटचं किंवा लोखंडी असेल तर बायपॉडच्या पायाखाली गोणपाट नाहीतर जुनी सतरंजी टाक, कडक पृष्ठभागावर रबरी पाय सूक्ष्म उडतात आणि पीसीपीला पण ते जाणवतं.

पावसाळ्यात खाडीकडची हवा बायपॉडच्या उघड्या स्प्रिंग खाते. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात फिरवायचा, पण खाचांमध्ये ग्रीस भरायचं नाही, माती चिकटून लॉक बसत नाही.

मुरबाडला कागदाच्या मागे मातीचा बांध कर, माणसाच्या उंचीपेक्षा उंच, नुसत्या प्लायवर भरवसा ठेवू नको. आणि हे मी कळकळीने सांगतोय, .१७७ आणि २० ज्यूलच्या आतली रायफल लायसन्सशिवाय मिळते याचा अर्थ ती कुठेही काढता येते असा नाही. सोसायटीची गच्ची नको, येऊरचं जंगल नॅशनल पार्कमध्ये येतं तिथे तर नकोच, आणि तुझ्या ऐरोलीची खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पक्षी-प्राण्यावर एक छर्रा जरी मारला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकशील, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गाडीतून नेताना रायफल रिकामी, कव्हरमध्ये, बिलाची कॉपी सोबत.

या रविवारी बायपॉड घेऊच नको. पुढे एक पिशवी आणि मागे एक पिशवी ठेवून २५ मीटरवर पाच-पाच छर्‍यांचे चार ग्रुप काढ, कागद जपून ठेव, त्यावर तारीख टाक. बायपॉड आला की तेच छर्रे, तेच अंतर, परत चार ग्रुप. बायपॉडवरचे ग्रुप पिशवीएवढे आले तर तो ठेव, दुप्पट झाले तर बिल असेपर्यंत परत कर, त्यामुळे परत घेणार का हे दुकानात आधीच विचारून ठेव. आणि स्टॉकच्या खालचा फोटो पाठव, स्टड लाकडात पिळलेल्या स्क्रूवर आहे का नटवर ते दिसलं की सांगतो तसाच चालेल का वर्कशॉपला न्यावा लागेल.