सागवानाची पानं जाळी झाली म्हणून पंप उचलू नका

या महिन्यात व्हॉट्सअपवर सागवानाचेच प्रश्न जास्त आले, त्यातल्या चारचं उत्तर एकत्रच देतो.

पहिला प्रश्न, फोटोसहित: "साहेब, सहा वर्षांचा सागवान आहे, एक एकर, सगळ्या पानांची जाळी झाली. कृषी केंद्रवाल्याने तीन औषधं एकत्र करून फवारायला सांगितली, डोस पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) डबल. फवारू का?"

नाही. नका फवारू. भाऊ, फोटो नीट पहा, पानाच्या शिरा सगळ्या शाबूत आहेत आणि मधला हिरवा भाग तेवढा खाल्लेला आहे. ही पान जाळी करणारी अळी, ती येते पावसाळा सरता सरता, म्हणजे झाडाची त्या वर्षीची वाढ बहुतेक झालेली असते आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत ती पानं तशीही गळणारच असतात. दुसरी, पान खाणारी अळी वेगळी, ती पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानावर येते आणि मधली शीर सोडून अख्खं पान फस्त करते. केरळ वन संशोधन संस्थेच्या लोकांनी निलंबूरला चार ते आठ वर्षांच्या सागावर हे मोजून पाहिलं, 1985 साली ते छापून आलं. पान खाणाऱ्या अळीने झाडाच्या होऊ शकणाऱ्या वाढीपैकी 44 टक्के वाढ बुडवली, पण जाळी करणाऱ्या अळीने मोजण्यासारखं नुकसानच केलं नाही. म्हणजे दुकानदार तुम्हाला औषध देऊन राहिला तो नेमका त्या अळीचं जी काही बिघडवत नाही, आणि जून-जुलैत जेव्हा खरी अळी येते तेव्हा तो बियाणं-खत विकण्यात बिझी असतो.

आणि डबल डोस! सहा वर्षांचा साग तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला, पंपाची नळी वर करून फवारलं की ते सगळं तुमच्याच तोंडावर येते. 2017 चं यवतमाळ विसरले का? डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तीन औषधं एकत्र नाही, डबल डोस नाही, मोठ्या झाडावर पाठीवरचा पंप तर नाहीच. एक-दोन वर्षांच्या रोपावर जुलैत अळी दिसली तर पानं तोडून अळ्या वेचा, एकराचं काम दोन मजुरांचं आहे.

दुसरा प्रश्न: "टिशू कल्चरचं रोप पंधरा वर्षांत तयार होते म्हणतात, एजंट म्हणते अयोध्येच्या मंदिराला आपल्याच भागातलं सागवान गेलं. ऑगस्टच्या शेवटी रोपं देतो म्हणते."

मंदिराला बल्लारपूरहून लाकूड गेलं हे खरं, पण ते जंगलातलं जुनं झाड होतं, एजंटच्या पिशवीतलं नाही. लाकडाला भाव असतो गाभ्याचा, आणि लहान वयाच्या झाडात गाभा कमी, पांढरं लाकूडच जास्त. 1990 नंतर अशाच सागवानाच्या कंपन्यांनी लोकांचे पैसे घेतले होते, शेवटी 1999 मध्ये सेबीला (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) असल्या योजनांसाठी नियम आणावे लागले. आणि ऑगस्टच्या शेवटी लावलेल्या रोपाला पाऊस मिळते किती? आपल्याकडे जूनच्या दोन चांगल्या पावसांनंतर स्टम्प लावा, म्हणजे नर्सरीतलं वर्षभराचं रोप छाटून केलेली मुळाची कांडी, बोटा-अंगठ्याएवढी जाड. स्वस्त पडते आणि जगते. पाणी साचणाऱ्या काळ्या वावरात मात्र लावूच नका, सागाला पाय ओले चालत नाहीत. धुऱ्यावर (बांधावर), उताराच्या मुरमाड-मध्यम जमिनीत लावा.

तिसरा, बी घरीच पेरलं पण उगवत नाही. घाबरू नका, हे इंग्रजांनाही जमलं नव्हतं. मलबारचा कलेक्टर कॉनोली याने 1840 च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड सुरू केली तेव्हा बी काही केल्या उगवेना, शेवटी चाथू मेनन नावाच्या तिथल्याच माणसाने ते जमवलं आणि मग लाखांनी झाडं लागली. बी एक दिवस भिजवा, एक दिवस कडक उन्हात वाळवा, असं आठ-दहा दिवस करा. तरी सगळं उगवणार नाही, जास्त पेरा. दुकानातलं "उगवण टॉनिक" घेऊ नका.

आता चौथा, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच: "दहा वर्षं झाली, झाडं उंच गेली पण मनगटाएवढीच आहेत. युरिया किती टाकू?"

शून्य. दाटी झाली आहे. दोन बाय दोन मीटरवर लावलं म्हणजे एकरी हजार झाडं, आणि आपला कास्तकार त्यातलं एकही तोडायला तयार नसते, लेकरासारखं वाटते त्याला. मी पाहिलेल्या दहातल्या आठ वावरांत हीच गत. फांद्या एकमेकांत शिरल्या की, चांगल्या जमिनीत चार-पाच वर्षांतच, विरळणी करायची, तिरप्या ओळी धरून एकाआड एक ओळ काढायची म्हणजे निम्मी झाडं जातात. मग परत दाटी झाली की वाकडी, दबलेली काढायची. निलंबूरच्या जुन्या लागवडीत शेवटी एकरी शंभरही राहत नाहीत. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने (1906 ची आहे ती) ठिकठिकाणचे प्लॉट वर्षानुवर्षं मोजून 1940 च्या सुमारास सागाचे उत्पादन तक्ते, म्हणजे कोणत्या वयात किती लाकूड मिळते त्याचा हिशोब, काढले, ते सगळे विरळणी धरूनच आहेत. त्याच्याही आधी 1856 मध्ये ब्रांडिस नावाचा वन अधिकारी ब्रह्मदेशात गेला आणि हत्तीवर बसून, काठीवर खाचा पाडत, जाडीप्रमाणे साग मोजत फिरला. तुम्हाला हत्ती नाही लागत, शिंप्याचा टेप लागते. दर मार्चमध्ये जमिनीपासून साडेचार फुटांवर वीस झाडांचा घेर मोजून वहीत लिहा. दोन वर्षं घेर हलला नाही तर विरळणी करा, खत नाही. परत सांगतो, खत नाही.

परवानगीचं: साग हे 1964 च्या वृक्षतोड कायद्यात आहे, स्वतःच्या वावरातलं असलं तरी वनविभागाची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतोच. झाडांची नोंद 7/12 वर आधी करून घ्या. नवीन लागवडीला रोजगार हमीतून काही मिळते का, ते जॉबकार्ड आणि 8अ घेऊन ग्रामपंचायतीत विचारा. ठेकेदार म्हणते "मी पाहून घेतो", त्याला पाहू देऊ नका, केस तुमच्या नावावर होते.

विरळणी पावसाळ्यात करू नका, हिवाळ्यात करा, आणि तोडलेल्या खुंटाला फुटवा आला की काढून टाका. खुंट गुळगुळीत करून वर्तुळं पहा, सागात वर्षाचं वर्तुळ साफ दिसते, पुण्याच्या हवामान संस्थेतले लोक मध्य भारतातल्या सागाच्या वर्तुळांवरून जुना पाऊस वाचतात. तुमच्या खुंटावर पहिली चार-पाच वर्तुळं रुंद आणि मग एकाएकी सुतासारखी बारीक दिसतील. बारीक जिथून सुरू झाली त्या वर्षी विरळणी व्हायला पाहिजे होती. फोटो पाठवा, पण अळीचा नाही, खुंटाचा.