पैठणी आणि दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी मीडियम फॉरमॅट घ्यावा की फुल-फ्रेमच बरा?

तुम्ही लिहिलंय की सध्या २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम आहे, मुख्य काम पैठण्या आणि दागिन्यांच्या कॅटलॉगचं, सीझनमध्ये लग्नं, आणि आता थेट मीडियम फॉरमॅटवर जायचा विचार आहे. दागिने आणि लग्नं ही दोन्ही कामं असताना मी तो विकत घ्या असं सांगणार नाही. ४५ ते ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम घ्या. (दोन्ही नावं सेन्सरच्या मापाची, मीडियम फॉरमॅटचा सेन्सर मोठा.) काम फक्त साड्यांचं असतं तर मात्र उत्तर वेगळं दिलं असतं.

आधी आकार बघा. फुजीच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतला सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, फुल-फ्रेमचा ३६ × २४. क्षेत्रफळ १.६७ पट, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात जवळपास पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). फिल्मच्या ६×४.५ ची फ्रेम साधारण ५६ × ४१.५ मिमी असायची, त्यामुळे जुन्या मीडियम फॉरमॅटबद्दल ऐकलेलं सगळं या कॅमेऱ्यांना लावू नका. सोनी ए७आर ५ चे ६१ मेगापिक्सेल आणि जीएफएक्स १००एस चे १०२, दोन्हींत एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच आहे. पिक्सेल मोठा होत नाही, फक्त संख्या वाढते.

तो पाऊण स्टॉप पदरात पडतो तो प्रकाश तुमच्या हातात असेल तरच. फुल-फ्रेमवर एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेवढी खोली शार्प मिळते तेवढीच मीडियम फॉरमॅटवर हवी तर एफ/१० लागतो. लग्नात शटरचा वेग खाली नेता येत नाही, मग आयएसओ (सिग्नल वाढवणारं सेटिंग) वाढवायचा, आणि नॉइजमधला फायदा तिथेच संपला. स्टुडिओत फ्लॅशची पॉवर तेवढी वाढवली की फायदा शाबूत राहतो. त्यातही निकॉन डी८५० आणि झेड८ यांचा बेस आयएसओ, म्हणजे सगळ्यात स्वच्छ फोटो देणारा मूळ आयएसओ, १०० नसून ६४ आहे. आयएसओ १०० च्या जीएफएक्ससमोर ठेवले तर हा फरक बराचसा भरून निघतो. बॅकग्राउंड जास्त ब्लर होते म्हणतात, तेही तपासून घ्या: जीएफएक्सची जीएफ ११० मिमी एफ/२ ही लेन्स फुल-फ्रेमच्या भाषेत ८७ मिमी एफ/१.६ पडते. साधी ८५ मिमी एफ/१.४ तिच्याहून जास्त ब्लर करते.

आता दागिने. ३६ मिमी रुंदीची नथ फ्रेमभर घ्यायची तर फुल-फ्रेमवर १:१ मॅक्रो (सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाची उमटवणारी लेन्स) पुरते. तीच फ्रेम जीएफएक्सवर भरायला १.२ पट मॅग्निफिकेशन लागतं, आणि जीएफ १२० मिमी मॅक्रो स्वतःहून फक्त अर्ध्या पटीपर्यंत जाते, म्हणजे ८७ मिमी रुंदीची फ्रेम. त्यापुढे एक्स्टेन्शन ट्यूब लावावी लागते, ती लावली की लेन्स आणि दागिन्यातलं अंतर घटतं आणि लाइट घुसवायला जागा उरत नाही. मॅक्रोत खोली इतकी कमी असते की फोकस स्टॅकिंग (फोकस सरकवत घेतलेले अनेक शॉट्स जोडणं) दोन्हीकडे करावंच लागतं. म्हणून एफ/१६ वर जाऊन एका शॉटमध्ये भागवायला जाऊ नका. इतक्या जवळून एफ/१६ चा परिणाम एफ/३२ सारखा होतो आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, मोत्यांची कड मऊ पडते. एफ/८ ठेवा, शॉट्स वाढवा.

साड्यांमध्ये मात्र मोठा सेन्सर खरंच कामाला येतो. एक मीटर रुंदी फ्रेममध्ये धरली तर २४ मेगापिक्सेलमध्ये मिलिमीटरला ६ पिक्सेल मिळतात, ६१ मध्ये साडेनऊ, १०२ मध्ये साडेअकराच्या वर. मुनियाच्या (पैठणीवरच्या पोपटाच्या) चोचीतला जरीचा धागा सुटा दिसायला हे पिक्सेल लागतात. पण यातली मोठी उडी २४ वरून ६१ ची आहे, हे लक्षात घ्या. फरक वाढतो तो ४:५ च्या उभ्या पानावर: फुल-फ्रेमच्या दोन्ही कडा कापून ६१ चे ५० मेगापिक्सेल उरतात, जीएफएक्सचे १०२ पैकी ९५ राहतात. रोज असं छापील काम असेल तर ४:३ चा सेन्सर पैसे वसूल करतो.

एक त्रास दोन्हीकडे आहे. ए७आर ५, झेड८, जीएफएक्स, कुणातच लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील किंचित मऊ करणारा सेन्सरवरचा थर) नाही. साडीच्या अंगावरची उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी पिक्सेलच्या जाळीशी जुळू लागली की इंद्रधनुषी लाटा उठतात, तोच मोअरे. धूपछाँव रंगात तो रंगाचाच भाग वाटतो आणि सुटतो. शूट करतानाच १०० टक्के झूम करून अंग तपासा. दिसला तर कॅमेरा १०-१५ सेंमी पुढे-मागे करा किंवा दोन-तीन अंश फिरवा. नाही गेला तर एफ/१६, इथे डिफ्रॅक्शनचा मऊपणाच कामाला येतो. सॉफ्टवेअरने काढायला जाल तर जरीचा रंगही धुऊन निघेल.

लग्नासाठी थोडक्यात. जीएफएक्सचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेग, १/१२५ च आहे. उन्हात फ्लॅशसोबत एफ/२ ठेवायचा तर साडेपाच स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लागेल. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच लीफ शटर असल्याने, जे जास्त वेगातही फ्लॅशशी जुळतं, ही अडचण नाही. सायलेंट शटरवर सेन्सर सावकाश वाचला जातो, हॉलच्या एलईडीत पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवा, नाहीतर मेकॅनिकल शटर वापरा. सेकंडहँड ५० मेगापिक्सेलची बॉडी स्वस्त मिळतेय म्हणून उचलू नका. जीएफएक्स ५०एस, ५०आर आणि ५०एस २ या तिन्हींत फक्त कॉन्ट्रास्ट ऑटोफोकस आहे, जो पुढे-मागे चाचपडत फोकस शोधतो; चालत येणारी नवरी हातातून निसटते.

कॉम्प्युटरचा खर्चही आत्ताच धरा. १०२ मेगापिक्सेलचा १६-बिट एक लेअर सुमारे ६०० एमबी. २० शॉटचा स्टॅक उघडला की १२ जीबी तिथेच गेले, म्हणून ६४ जीबी रॅम. फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीच्या वर सेव्ह होत नाही, मोठ्या फाइलसाठीची पीएसबी निवडावी लागते.

तरी मन मानत नसेल तर एक दिवस भाड्याने आणा. तोच पदर, तेच लाइट, ट्रायपॉड, तीच फ्रेम. फुल-फ्रेम एफ/८, मीडियम फॉरमॅट एफ/१०, दोन्ही आयएसओ १००, फ्लॅश दोन-तृतीयांश स्टॉप वाढवून. स्क्रीनवर १०० टक्क्यांना तुलना करू नका. तुमचा कॅटलॉग ज्या मापाला आणि ज्या कागदावर छापला जातो, त्याच मापाच्या दोन प्रिंट काढा, मागे खूण करा आणि कोणती कशाची हे न सांगता गिऱ्हाइकापुढे ठेवा.