एका वर्षात अधिकारी? आधी कॅलेंडर बघा

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र : मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिचे बाबा म्हणतात, 'पदवीनंतर एक वर्ष देऊ. मुलींना राखीव जागा असतातच. अधिकारी झाली तर बरं, नाहीतर लग्न उरकू.' कुठली परीक्षा द्यावी?)

ताई, अख्ख्या पत्रात मुलीचं स्वतःचं एक वाक्य नाही. आहे ती फक्त बाबांनी घातलेली मुदत, आणि ती हिशेबातच बसत नाही. यूपीएससीची जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत, पूर्वपरीक्षा मे-जूनच्या सुमारास, मुख्य परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात, निकाल थेट पुढच्या एप्रिलच्या आसपास. पहिल्या फटक्यात पास होणारीलाही सव्वा वर्ष लागतं, तयारी वेगळीच. खुल्या गटाला वयाच्या 32 पर्यंत 6 संधी असतात. तुम्ही एकही पुरती देत नाही. केपीएससीची, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाची, केएएस (राज्य प्रशासकीय सेवा) जाहिरात तर दरवर्षी निघतेच असं नाही. त्यात महिन्याआड पावणे बघून जाणार असतील, तर अभ्यासाचं नाव काढू नका.

आता राखीव जागा. यूपीएससीत महिलांना त्या नाहीतच, फक्त फी माफ. कर्नाटकात सरळ भरतीत 33 टक्के आहेत, पण ते समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलेलं. समजा एका प्रवर्गात 12 पदं, त्यातली 4 महिलांची. गुणवत्तेवर 3 मुली पहिल्या 12 जणांत आल्या, तर त्या या चारांतच मोजतात; उरतं 1 पद. चौघी आल्या, तर आरक्षण म्हणून खालून कुणालाच वर घेत नाहीत. मुलींसाठी वेगळा ढीग बाजूला काढून ठेवलेला नसतो.

कन्नडची धास्ती मात्र सोडा. केएएस मुख्य परीक्षेत कन्नडचा पेपर 150 गुणांचा, 35 टक्के मिळाले की झालं. ते गुण यादीत धरत नाहीत. मराठी शाळेत शिकलेलं कन्नड घासूनपुसून कामाला येतं. खरं अडतं ते इंग्रजीत. केएएसचे बाकीचे पेपर कन्नड किंवा इंग्रजीतच लिहायचे. यूपीएससीची मुख्य मराठीत लिहिता येते, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून 150 शब्दांत सारांश लिहायला आजच लावा.

महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत तुमचं गाव असेल, तर एमपीएससीचीही वाट आहे. रहिवासाचा दाखला आधी काढून ठेवा.

आणि पुढचं पत्र तिच्याकडून लिहून घ्या, तुम्ही न वाचता टाका. तिला बीएड करायचं असेल तर तसंच लिहू दे.