कमी भांडवलात ट्रेडिंग शिकताना

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना शिकवण्या घेऊन तुम्ही बचत केली आहे, त्यातून ट्रेडिंग शिकून पुढे त्यातच करिअर करण्याचा तुमचा विचार आहे, आणि एका कोर्सच्या शुल्कात निम्मी बचत खर्ची पडेल म्हणून तुम्ही सल्ला विचारला आहे.

माझे स्पष्ट मत असे की, तो कोर्स करू नये. भांडवल निम्मे झाले की ते मूळपदावर आणण्यासाठी उरलेल्या रकमेवर १०० टक्के नफा कमवावा लागतो, आणि बाजाराची मूलभूत माहिती तर शेअर बाजार व नियामक संस्था विनामूल्य देतातच.

थोड्या रकमेच्या ट्रेडिंगमध्ये नफा अनिश्चित असतो, खर्च मात्र ठरलेला असतो. समजा, तुम्ही ५०० चे शेअर घेतले आणि प्रत्येक सौद्याला २० इतके ठरावीक शुल्क आहे, तर खरेदी आणि विक्री मिळून ४० जातात; म्हणजे भाव ८ टक्के वाढेपर्यंत तुमच्या हाती काहीच पडत नाही. त्यामुळे खाते उघडण्यापूर्वी दलाली, खात्याचे वार्षिक शुल्क, कर आणि पैसे काढण्याचे शुल्क, असे संपूर्ण दरपत्रक वाचावे. दलाली शून्य असली तरी एकाच क्षणी बाजारात असणाऱ्या खरेदीच्या आणि विक्रीच्या भावांतील फरक तुमच्याच खिशातून जातो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये हा फरक मोठा असतो, म्हणून तेथे मार्केट ऑर्डरऐवजी (मिळेल त्या भावाला सौदा) लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच सौदा) द्यावी.

सुरुवातीचे काही महिने खऱ्या भावांवर, पण आभासी पैशांनी सौदे करावेत. प्रत्येक सौदा का केला, कोठे बाहेर पडायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात काय केले, हे वहीत त्याच दिवशी लिहावे. खरी बचत मात्र कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (बाजार निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) किंवा ईटीएफमध्ये (शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) दरमहा थोडी थोडी गुंतवावी. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड आणला, त्यामागे खर्च कमी ठेवण्याचाच विचार होता. वार्षिक ८ टक्के दराने १०० चे ३० वर्षांत सुमारे १,००६ होतात. दरवर्षी १ टक्का खर्चात गेला तर सुमारे ७६१ च उरतात. यातही बाजार पडल्यास तोटा होतोच, म्हणून शिक्षणाला लागणारे पैसे येथे आणू नयेत. उसने पैसे, मार्जिन (दलालाकडून उधारीवर सौदे) आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाला पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचे करार) यांपासून तर तूर्त दूरच राहावे.

करिअरबद्दल सांगायचे तर, व्यावसायिक ट्रेडर बहुधा संस्थेच्या भांडवलावर, ठरवून दिलेल्या जोखमीच्या मर्यादेत काम करतात. तेथे संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि ताळेबंद वाचण्याची सवय उपयोगी पडते. हीच तयारी संशोधन विश्लेषक किंवा जोखीम व्यवस्थापन या क्षेत्रांतही चालते. सुटीत अशा ठिकाणी इंटर्नशिपसाठी अर्ज कराल तेव्हा सौद्यांची ती वही, तोट्याच्या नोंदींसह, सोबत न्यावी.