मान वाकडी होऊन कोंबड्या मरतात, कोणतं औषध द्यावं?

तुम्ही लिहिलंय की सिंदेवाहीकडे तुमच्या घरी पंधरा-वीस गावरान कोंबड्या होत्या. त्या हिरवट-पांढरं हगायला लागल्या, पंख पाडून बसल्या, माना पिळल्या आणि आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पुडीही चालली नाही.

ती चालणारच नव्हती. ही लक्षणं राणीखेतची दिसतात. आपल्याकडे यालाच मानमोडी म्हणतात, नाहीतर नुसतं 'मरी आली' म्हणतात. हा विषाणूचा रोग आहे आणि अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही. लसूण-हळदीनेही तो थांबत नाही. एकदा मान पिळली की पशुवैद्यकाकडेही त्याला औषध नसतं. आपल्या हातात आहे ती लस, आणि तीही रोग यायच्या आधी दिलेली.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस. आठ आठवडे झाले की आर टू बी, म्हणजे राणीखेतचीच टोचायची लस, पंखाखाली कातडीखाली अर्धा मिली. ही टोचायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध पाजून घ्या, कारण जंतांनी पोखरलेल्या कोंबडीला लस नीट लागत नाही. पुढे आर टू बी कधी द्यायची ते दवाखान्यात ठरवून घ्या. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीआधी देतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होते, सोयरे येतात, कोंबडे इकडून तिकडे जातात, आणि त्यांच्यासोबत मरीही जाते.

आता खरी अडचण सांगते. लासोटाची लहानातली लहान कुपी साधारण शंभर मात्रांची येते. ती एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. तुमच्याकडे पिल्लं बारा. बाकीची लस फेकायला जीव होत नाही, म्हणून माणूस ती आणतच नाही. यावर आम्ही भंडाऱ्याकडे बचत गटात जे करतो ते तुम्हीही करू शकता. टोलीतल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, बायकांनी ठरवून आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवायच्या. एकविसाव्या दिवशी सगळ्यांकडे पिल्लं निघतात आणि एका कुपीत अख्खी टोली होते. तसंही तुमच्या एकटीच्या कोंबड्यांना लस देऊन भागत नाही. घरामागच्या सांदवाडीत कुंपण नसतं, सगळ्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात.

लस दवाखान्यातून घरी येईपर्यंत थंड राहिली पाहिजे. बर्फ घातलेला थर्मास न्या, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवा. पिशवीत टाकून एसटीने आणलेली लस मेच्या उन्हात वाटेतच निकामी होते, आणि नंतर लोक म्हणतात लसीत दम नाही. काम संध्याकाळी करा, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. पिल्लू मुठीत धरायचं, मान हलकेच आडवी करायची, डोळ्यात थेंब सोडायचा आणि ते डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायचं नाही. थेंब गालावरून ओघळला तर दुसरा टाका. घाई इथेच नडते. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस देऊ नका. गावात 'उमेद'ची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, पशुसखी (जनावरांच्या कामाचं शिक्षण घेतलेली गावातली बाई) असेल तर तिला बोलवा.

रोग घरात येतो तो बहुतेक आठवडी बाजारातून. बाजारात स्वस्तात मिळालेली कोंबडी कोणीतरी मरीच्या भीतीने काढलेली असू शकते. नवीन पक्षी आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा. त्याचं पाणी वेगळं, दाणा वेगळा, आणि आधी आपल्या कोंबड्यांचं करून मग त्याचं करायचं. दुसरी वाट मला जास्त सलते. कोंबडी सुस्त दिसली की 'मरायच्या आधी कापा' म्हणून कापतात, शेजारी वाटतात, पिसं आणि आतडी उकिरड्यावर टाकतात. दुसऱ्या दिवशी कुत्रे आणि कावळे ती गावभर नेतात. आजारी पक्षी कापू नका. मेलेला नाल्यात फेकू नका. विहिरीपासून दूर खोल खड्डा करून चुन्यासकट पुरा.

मात्र प्रत्येक मरतूक मानमोडीची नसते. पिल्लांच्या हगवणीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, तिला अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून देतात आणि वेळेवर दिलं तर पिल्लं वाचतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या असतील तर देवी. मेच्या दुपारी धडधाकट कोंबडी तोंड उघडं टाकून धापा टाकत पडली तर ते ऊन आहे, तिला सावली, ओलं पोतं आणि मातीच्या भांड्यातलं गार पाणी हवं. शंका असेल तर ताजी मेलेली कोंबडी पिशवीत नीट बांधून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. राणीखेत असेल तर बऱ्याचदा जठराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. फाडून बघणं त्यांचं काम, घरी करू नका.

पण एकाएकी खूप पक्षी मेले, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर मेलेल्यांना हातही लावू नका, दवाखान्यातही नेऊ नका, लगेच कळवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे. बर्ड फ्लू आणि राणीखेत वरवर सारखेच दिसतात, फरक प्रयोगशाळेतच कळतो, आणि बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो.

तुमचं खुराडं आता रिकामं आहे तर लगेच पिल्लं आणू नका. खाली पसरलेलं जुनं कुटार (भुसा) जाळा, विष्ठा खरवडून पुरा, आत चुना मारा, दारं उघडी टाकून ऊन खाऊ द्या. महिनाभर तरी जाऊ द्या. त्या महिन्यात शेजारणींशी बोलून घ्या, कोणाकोणाच्या कोंबड्या खुडूक आहेत ते बघा, आणि दवाखान्यात लस कोणत्या वारी मिळते ते विचारून ठेवा.