कोटेशनमध्ये न लिहिलेले हजार

प्रश्न : आम्ही घणसोलीला राहतो. मुलगी अकरावीला आहे, पत्नी घरूनच दोन दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहिते. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड (सुटे भाग जोडून केलेल्या) पीसीचं कोटेशन मिळालं, ४६,५०० रुपये : रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २२ इंची मॉनिटर, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ (म्हणजे डबा आणि आतल्या भागांना वीज देणारा पुरवठा), कीबोर्ड-माउस. ॲपलचा एम४ चिपचा मॅक मिनी ५९,९०० ला सांगितला. वाशीच्या शोरूममध्ये ८ जीबी रॅमचा ऑल-इन-वन (मॉनिटरमध्येच सगळा पीसी) ६४,००० ला आहे. म्हणजे असेंबल्ड तेरा हजारांनी स्वस्त, बरोबर ना?

उत्तर : नाही. एका कोटेशनमध्ये विंडोज नाही, दुसऱ्यात मॉनिटर नाही. तिन्ही मशीन टेबलावर लावून चालू होईपर्यंत किती पैसे जातात, तेवढंच मोजा.

असेंबल्डपासून सुरुवात करू. विंडोज ११ होमचं रिटेल लायसन्स दहा हजारांच्या आसपास पडतं. दुकानदार पाच-सातशेत ‘की’ टाकून देतो म्हणेल, पण ती बहुधा कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधली असते. मायक्रोसॉफ्टने ती बंद केली की ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ पडद्यावर येऊन बसतं. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस घेऊच नका. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, तेवढे मिळतीलच असं नाही. आणि तो जळताना कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा वेगळा लावायला सांगा, तीन हजार धरा. ६०० व्हीएचा यूपीएस आणखी तीन हजार. झाले ६२,५००.

मॅक मिनीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस काहीच येत नाही. मॉनिटर आठ हजार, कीबोर्ड-माउस दीड हजार. एम४ मिनीला जुनं चौकोनी यूएसबी पोर्टही नाही, सगळे सी-टाइप. म्हणजे पेन ड्राइव्ह आणि डिजिटल सहीचं टोकन लावायला हजाराचा हब आला. यूपीएस धरून ७३,४००. रॅम चिपलाच जोडलेली असल्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही, घेताना घ्याल तीच कायमची. विंडोजवर एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने) फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कमधल्या फायली मॅकवर वाचता येतात, पण त्यात नवीन काही साठवता येत नाही.

मॅक वीज कमी खातो, हे खरं. नुसता चालू असताना मिनी चार-पाच वॅटवर राहतो. असेंबल्डशी ३५ वॅटचा फरक धरा. रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६३ युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी वर्षाला साडेसातशे. पाच वर्षांत पावणेचार हजार. दोन्हींतलं अंतर जवळजवळ अकरा हजारांचं आहे, ते विजेच्या बिलातून भरून निघत नाही.

तुमच्या घरी मात्र निकाल टॅलीच लावते. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, त्याची मॅकची आवृत्ती नाही. मॅकमध्ये विंडोज चालवायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्यातल्या काहींचं वर्गणीसारखं भाडं भरत बसावं लागतं. टॅली नसती, तर आम्ही बिनदिक्कत मॅक सुचवला असता : आवाज नाही, आणि विकायला काढला तरी बरा भाव येतो.

ऑल-इन-वनमध्ये विंडोज येतं, पण ८ जीबी आता तोकडी. रॅमचा रिकामा स्लॉट आहे का, ते शोरूममध्येच विचारा. पडदा गेला की सगळं मशीनच दुरुस्तीला, ही त्याची खरी किंमत.

तेव्हा असेंबल्डच घ्या, पण कोटेशन दुरुस्त करून. ५६००जीचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं. १६ जीबीची एकच स्टिक लावली, तर रॅमचा निम्मा वेग वाया जातो, म्हणून ‘८ + ८’ असं लिहून घ्या. या प्रोसेसरला जेन-४ (नव्या, जास्त वेगाच्या पिढीच्या) एसएसडीचा फायदा नाही, तो ती आधीच्या जेन-३ च्याच वेगाने चालवतो. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. बिल पक्कं, आणि त्यावर बोर्ड, प्रोसेसर, एसएसडीचे सीरियल नंबर हवेत. वॉरंटीच्या वेळी हेच आकडे मागतात.

प्रश्न : कोपरीत घर आहे. सातव्या पिढीचा आय५ पीसी, विंडोज १०, ८ जीबी रॅम. विंडोज ११ चालत नाही म्हणतात. फेकायचा का?

उत्तर : विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बँकेची कामं त्यावर करू नका. हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं), ब्राउझर, मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट सगळं मिळतं. पावसाळ्यात मशीन सुरू न होता नुसतं बीप-बीप करू लागलं, तर वीज बंद करून रॅम काढा, तिच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने हळूच पुसा, चुरा झटका आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. दमट हवेत कडांवर थर चढतो, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.