शास्त्राचे शब्द, वावरातल्या शंका

प्रश्न : पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही असे शिकलो. मग आमचे सर कापसाचा एक धागा म्हणजे एक पेशी कसे म्हणतात? ती ऊती नाही का?
– इयत्ता नववीची विद्यार्थिनी, राळेगाव

सर बरोबर सांगतात. पऱ्हाटीचे फूल उमलते त्या सुमारास बोंडातल्या कोवळ्या बीजांडाच्या सालीतील काही पेशी बाहेर वाढू लागतात. त्यांचे विभाजन होत नाही, फक्त लांबी वाढत जाते. साधारण पहिले तीन आठवडे ही वाढ चालते. पुढे पेशीभित्तिकेच्या आतल्या बाजूला सेल्युलोजचे थर बसतात. बोंड फुटते तोवर आतला जिवंत भाग संपतो आणि धागा वाळून चपटा होतो, पीळ खातो. सरकी काढताना हाताला येतो तो हा धागा, म्हणजे मेलेल्या पेशीची भिंत. लांबी अडीच-तीन सेंटीमीटर, जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी. लांबीमुळे तो डोळ्यांना दिसतो, पण त्याची रचना दिसत नाही.

ऊती म्हणजे सारख्या घडणीच्या, एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह. कापसाचा धागा एकटा आहे, म्हणून ती ऊती नव्हे. अंबाडीच्या सालीचा सोट मात्र वेगळा. त्यात लांबट पेशी एकमेकींना चिकटून जुड्या झालेल्या असतात. अंबाडी पाण्यात कुजवतात ती हा चिकटा सुटावा म्हणून. दोन्हींना आपण धागाच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. ‘तंतू’ हा शब्द फक्त आकार सांगतो. स्नायूचा तंतू ही पेशी आहे, तंतुकणिका हा पेशीच्या आतला भाग आहे आणि जुन्या बल्बातला तंतू तर निव्वळ तार.

पाहायचे असेल तर सरकीवरून दोनच धागे ओढून घे. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाण्यात भिजत नाही आणि थेंबावर तरंगत राहतो. आधी साबणाच्या पाण्यात बुडवून काढ, मग काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेव. झाकणकाच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोड. सरळ वरून टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे ते गोल पाहून पुष्कळ मुले ‘केंद्रक’ म्हणून चित्र काढतात! या धाग्यात केंद्रक दिसणारच नाही. त्यासाठी कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा घे आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाक.

प्रश्न : श्वसन आणि श्वासोच्छ्वास एकच का? परीक्षेत दोन्ही लिहिले तर गुण कापले जातात.
– दहावीचा विद्यार्थी, दर्यापूर तालुका

एकच नाही. छाती वरखाली होते, हवा आत जाते आणि बाहेर येते, तो श्वासोच्छ्वास. त्या हवेतला ऑक्सिजन पेशीपर्यंत पोचल्यावर तिथे अन्नाचे विघटन होऊन ऊर्जा मिळते, ते पेशीश्वसन. झाडाला फुफ्फुस नाही, म्हणून श्वासोच्छ्वास नाही. श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असते. झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि फक्त रात्री श्वसन करते, असे उत्तरपत्रिकेत लिहिलेस तर गुण जातील आणि ते योग्यच होईल.

श्वसनाची ऊब तुझ्या घरच्यांनी हाताने अनुभवली असेल. पावसात भिजलेली सोयाबीनची गंजी आतून तापते, हात घातला तर वाफ लागते. ओले दाणे श्वसन करतात, त्यांच्यावरची बुरशीही करते, आणि ऊर्जेचा बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. शिवाय श्वसनात पाणीही तयार होते, म्हणजे ओल आणखी वाढते. अशा गंजीतले दाणे बियाण्यासाठी ठेवू नयेत, उगवण मार खाते.

वर्गात करायचे तर दोन सारखे थर्मास आणि पाव-पाव किलो मूग लागतील. पहिल्या वाट्याचे मूग रात्रभर भिजवून दिवसभर ओल्या फडक्यात बांधा, मोड आले की थर्मासात भरा. दुसऱ्या वाट्याचे भिजवलेले मूग दहा मिनिटे उकळून पूर्ण थंड करा, जंतुनाशकाच्या पाण्यातून काढा आणि दुसऱ्या थर्मासात भरा. जंतुनाशकाची ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग दुसऱ्या दिवशी उकडलेल्या मुगावर जीवाणू वाढतात, तोही थर्मास तापतो आणि प्रयोग फसतो. तोंडाला बूच घट्ट लावू नका, कापसाचा बोळा लावा, नाहीतर ऑक्सिजन संपेल. तापमापी प्रयोगशाळेतली हवी. तापाची वापरली तर तिचे आकडे सुमारे पस्तीसपासूनच सुरू होतात.

प्रश्न : परासरण दाखवायला आलू मिठाच्या पाण्यात ठेवला. दोन तासांत काहीच झाले नाही.
– विज्ञान शिक्षक, लाखनी

परासरण म्हणजे पातळ पटलातून पाणी कमी मिठाच्या बाजूकडून जास्त मिठाच्या बाजूकडे जाणे. तुम्ही अख्खा आलू सालीसकट ठेवला असावा. आलूच्या सालीत बुचासारख्या पेशींचा थर असतो, पाणी त्यातून सहज जात नाही. (बुचाच्याच कापात रॉबर्ट हूकने 1665 मध्ये पहिल्यांदा पेशींची घरे पाहिली.) साल काढा, पाच सेंटीमीटर लांबीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन फोडी कापा. एक पेलाभर साध्या पाण्यात ठेवा, दुसरी पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात. तासाभरात मिठातली लुळी पडेल, साध्या पाण्यातली ताठ राहील. फोड उकडलेली नको. उकळल्यावर प्रद्रव्यपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) मरते आणि मीठ थेट आत शिरते, मग ते परासरण राहत नाही, साधे विसरण होते, म्हणजे मीठ नुसते पसरत जाते.

प्रश्न : जीवाणू, विषाणू, बुरशी यांना गावात सरसकट ‘रोग’ म्हणतात. फरक काय?
– वाचक, मोर्शी

तुरीचा मर रोग बुरशीमुळे होतो, पऱ्हाटीच्या पानावरचे कोनाकृती ठिपके जीवाणूमुळे, तर सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूमुळे. विषाणू पेशी नसतो, त्याची वाढ यजमानाच्या पेशीतच होते. म्हणून मोझॅकवर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसे वाया. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करा आणि बंदोबस्त माशीचा करा.